तिसरीचं नाव

आजच्या सेवेत नाममहिमा चालला आहे. देवाच्या नामाचं आपण ऐकलं. आता घडीभर लेकीच्या नावाकडे वळू. तेही नामच आहे, माऊली.

सातारा भागात एका सप्ताहाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो, त्या घरी तिसरी मुलगी झालेली. बारसं दुसऱ्या दिवशी. थोरलीचं नाव मुक्ता, मधलीचं जना. माळकऱ्याचं घर, नावं तशीच. मुलीचा बाप म्हणाला, "महाराज, या दोघींना शोभेल असं तिसरं नाव सांगा."

मी तोंड उघडायच्या आत आतून म्हातारीचा आवाज आला, "त्यात काय शोधायचं? नकुसा ठेवा. म्हंजी पुढं पोरगा हुईल."

घर गप्प झालं. बाळंतीण भिंतीकडं तोंड करून बसली.

मायबाप, आपल्याकडं धोंडू, दगडू अशी नावं ठेवायचे. पोरं जगायची नाहीत, तेव्हा दृष्ट लागू नये, मरणानं वळूनही बघू नये म्हणून ठेवायचे. नाव ओबडधोबड, पण त्यात आईचा जीव असायचा, 'तू राहा' म्हणणारा. नकुसा म्हणजे काय? 'तू कशाला आलीस?' धोंडू म्हणून हाक मारली तरी लेकरू जवळ येतं. नकोशी म्हणून हाक मारली, तर त्यानं यावं का जावं? सांगा!

ही जुनी गोष्ट नाही बरं का. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलावी लागली. शाळेत हजेरीला रोज 'नकुसा' ऐकायचं आणि रोज 'हजर' म्हणायचं. काय वाटत असेल त्या लेकरांना?

आता संतांच्या घरी बघा. आळंदीची चार भावंडं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. जाणती माणसं यातला क्रम सांगतात. आधी संसारातून मन निवृत्त व्हावं, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि जिना चढून गेल्यावर मुक्ती. शेवटचं अपत्य मुलगी, आणि तिच्या वाट्याला नाव आलं ते सगळ्या साधनेचं फळ! ज्ञानोबा ताटी लावून बसले, तेव्हा ती उघडायला लावणारी हीच धाकटी बहीण.

देहूला चला. तुकोबांना तीन मुली. काशी, भागीरथी, गंगा. घरात दुष्काळ, दिवाळं, कर्ज. पण लेकींना हाक मारली की दारात तीर्थ उभं! भागीरथी काय आणि गंगा काय, पाणी एकच. एकीचं नाव घेतलं की दुसरीचं पुण्य. बहिणीबहिणींची नावं अशी जुळावीत. नुसतं यमक जुळून काय उपयोग? एकीचं नाव घेताना दुसरी हलकी होता कामा नये.

हे मी त्या घरी सांगितलं. म्हातारी बाहेर आली, उंबऱ्यात बसली. म्हणाली, "महाराज, मला समदी आक्का म्हणत्यात. कागदावर माझं नाव काय हाय, ठावं हाय? नकुसा. चौथी मी. माझ्या पाठीवर भाऊ झाला. नावाचा गुण आला का न्हाई?"

मी म्हटलं, "आक्का, गुण भावाला मिळाला. तुम्हाला काय मिळालं?"

म्हातारी बोलेना. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लग्नात नाव बदललं, तवा बरं वाटलं. पर मालक गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी राह्यलं न्हाई."

तेवढ्यात थोरली मुक्ता, सात वर्षांची, मला विचारते, "महाराज, मुक्ताई, जनाई आणि तिसरी कोण?"

मी नावं सांगत गेलो. चोखोबांची बहीण निर्मळा. मंगळवेढ्याची कान्होपात्रा. तुकोबांना गुरू मानणारी, शिऊरला जिची समाधी आहे ती बहिणाबाई. तशी पोर उडी मारून म्हणाली, "बहिणा! ती आमची बहीणच आहे की!"

सांगा मायबाप, याहून शोभणारं नाव कोणता पंडित काढील?

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्यानं आईचा हात धरला, पाळण्याजवळ नेलं आणि म्हणाली, "आई, आज तू सांग." नकुसा नावाची ती म्हातारी वाकली आणि नातीच्या कानात म्हणाली, "बहिणा." मग सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. म्हातारी हसत होती आणि रडत होती.

म्हणून सांगतो, माऊली. घरात लेक आली की तिचं नाव पुढच्या मुलासाठी ठेवू नका, तिच्यासाठी ठेवा. आणि गावात कुणी नकुसा असेल, तर उद्यापासून तिला चांगल्या नावानं हाक मारा. ज्या तोंडानं विठ्ठल म्हणायचं, त्याच तोंडानं लेकराला नकोशी कसं म्हणायचं?

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!