सांभाळणाऱ्या घरासाठी



भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली की पहाटेच घरे रिकामी होतात. ज्या घरात मतिमंद मुलगी किंवा मनोरुग्ण तरुण आहे, तिथे मात्र आई मागे थांबते आणि तिची मजुरी बुडते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवायला न्यायचे तर आणखी एक दिवस जातो. भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूरकडच्या माणसाला ते कितीतरी लांब. थोडे बरे वाटले की गोळ्या थांबतात, आजार उलटतो, मग कोणीतरी अंगाऱ्याची वाट दाखवतो. या घरांना उपदेश पुष्कळ मिळतो, मदतीचे हात फार थोडे.

विदर्भातच याचे एक उत्तर सापडले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलत, ऐकून घेत. गरज पडली तर पुढे समुपदेशक आणि त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते, नंतर हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअट्री'ने हे निष्कर्ष छापले. मोठी इमारत न बांधता हे घडले, ही गोष्ट भंडाऱ्याने मनावर घ्यावी.

रुग्णाइतकाच आधार सांभाळणाऱ्यालाही लागतो. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिला. त्या अनुभवातून 1997 मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली. तिथे रुग्ण हा शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा शुभंकर. शुभंकरांच्या स्वमदत गटात थकवा, राग, लाज हे सगळे मोकळेपणाने बोलता येते, कारण समोरचाही त्याच आगीतून गेलेला असतो. आजारी भावाला आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीची कथा सांगणाऱ्या 'देवराई' या 2004 च्या चित्रपटामागेही वाणींचे पाठबळ होते. असा गट तुमसर, साकोली, पवनीत का नसावा? त्याला लागते एक खोली आणि महिन्यातला एक रविवार.

'आमच्यानंतर याचे कसे?' हा प्रत्येक पालकाचा प्रश्न. बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणारे अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न घेऊन लढले. अशा मुलांना अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहाबाहेर काढू नये, हा त्यांचा आग्रह. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका माणसाच्या जिद्दीवर सारा भार टाकणे समाजाला शोभत नाही.

कायदा तर केव्हाच पुढे गेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 19 मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क देते. घरच्यांनी नाकारले किंवा घरच नाही, एवढ्यावरून त्याला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मानसिक आजारही येतो. त्यामुळे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी खर्चायच्या पाच टक्के निधीचा विचार करताना मनोरुग्णाला वगळणे अन्यायाचे आहे. हा पैसा वस्तुवाटपात संपवण्यापेक्षा हंगामात रुग्णाजवळ थांबणाऱ्या बाईच्या मानधनावर खर्च व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

येथून परतल्यावर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आपल्या गावातील अशा प्रत्येक घरी पोहोचवा आणि येत्या ग्रामसभेत उभे राहून त्या पाच टक्क्यांचा हिशेब मागा.