नांदेडच्या दादाजींचा नाद
(निलंगा येथील बैठकीतील भाषण)



पोरं विचारतात, शेतीत राहून आवडीचं काय करायचं? त्यांना दादाजी खोब्रागडे सांगा. गाव नांदेड, आपलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं. जमीन दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या. वर्षानुवर्षे तेच. दाणा बारीक, भात चवदार. त्या काळच्या घड्याळावरून वाणाला एचएमटी नाव पडलं आणि ते राज्याबाहेर गेलं. दादाजी तरी थांबले नाहीत. नांदेड हिरा, डीआरके अशी आणखी वाणं काढली.

२०१० साली फोर्ब्स मासिकानं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव छापलं. २०१८ साली ते गेले, तेव्हाही घरची ओढगस्त सरली नव्हती. नाद धरा, पैसा आपोआप येतो, असं सांगणाऱ्यावर माझा म्हणून विश्वास नाही. पैशासाठी भावाचं भांडण निराळं करावं लागतं.

पण पोराचा नाद मोडू नका. आपली मालदांडी ३५-१ मोहोळला गावरान मालदांडीतूनच निवडलेली आहे. (संकरित कापसाच्या सरकीवर हे चालत नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात.) येत्या रब्बीत ज्वारीची चार तासं त्याच्या नावे सोडा. काढणीआधी त्याला फिरू द्या, चांगल्या कणसांना सुतळी बांधू द्या, आणि ती निराळी मळू द्या.