एका वहीची कीर्तियात्रा

बंगालात ज्यांची कीर्ती केव्हाच सर्वमान्य झाली होती, त्या रवींद्रनाथांचे नाव १९१२ साली लंडनच्या बहुतेक वाचकांस अपरिचितच होते. त्यांनी स्वतः इंग्रजीत उतरविलेल्या कवितांची वही चिरंजीव रथींद्रनाथांच्या हातून भुयारी रेल्वेत राहून गेली, आणि हरवलेल्या सामानाच्या दफ्तरात सुदैवाने परत मिळाली; तिच्या टंकलिखित प्रती काढवून चित्रकार रोथेनस्टाइन यांनी ज्या आस्थेने त्या कवी येट्स प्रभृतींकडे धाडल्या, ती आस्था मला रवींद्रनाथांच्या प्रतिभेइतकीच वंदनीय वाटते. येट्सांच्या प्रस्तावनेसह इंडिया सोसायटीने या कवितांच्या ‘गीतांजली’ या संग्रहाच्या अवघ्या ७५० प्रती छापल्या. पुढे मॅकमिलनची आवृत्ती निघाली, कवी स्टर्ज मूर यांनी स्वीडिश अकादमीकडे शिफारस केली, आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये नोबेल पारितोषिकाची तार शांतिनिकेतनात पोहोचली.