बहात्तरच्या दुष्काळात घडलेली पिढी

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहास म्हटला की तह, लढाया आणि सनावळी आठवते. परंतु सामान्य माणसाच्या अंगी काळ मुरतो तो सवयींच्या रूपाने, आणि प्रसंग ओसरल्यावरही त्या सवयी उरतात.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई पंधरा वर्षांची होती. गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर ती खडी फोडीत असे. आज घरात धान्याची वाण नाही. तरीही परातीबाहेर सांडलेले पीठ ती बोटाने टिपून घेते, शिळी भाकरी टाकू देत नाही. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटे. पुढे नोकरीच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांतून हिंडताना तिच्या वयाच्या किती तरी स्त्रीपुरुषांत हीच सवय आढळली, तेव्हा माझा गैरसमज फिटला.

पाऊस ओढ देत होता १९७० पासूनच. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी. आणि पोटाला परदेशातून आलेला लाल मिलो व सुकडी. परंतु हा एकच दुष्काळ सर्वांना सारखा भेटला नाही. चाळिशीतल्या शेतकऱ्याला दावणीची जनावरे विकावी लागली. त्या धक्क्यातून कित्येक जण सावरलेच नाहीत. दहा वर्षांच्या पोराला मात्र आज प्रथम आठवते ती सुकडीची चव! आणि जे तेव्हा विशीच्या आतबाहेर होते, त्यांच्या वाट्याला हजेरीपट आला.

या पिढीला आपण ‘सोसणारी पिढी’ म्हणतो. हे वर्णन मला अपुरे वाटते. मजुरीसाठी आणि धान्यासाठी त्या काळात मोर्चे निघाले, तेही याच माणसांचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे ही याचना नसून हक्क आहे, हे कागदावर येण्यापूर्वी खडीच्या ढिगाऱ्यावर पटलेले होते. २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला, तो याच वाटेने.

अर्थात, एका सनाचा शिक्का साऱ्या महाराष्ट्रावर एकसारखा उमटला असे मानू नये. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तेथील तरुणांना त्या वर्षाने वेगळाच ताठ कणा दिला. शहरातील पुष्कळ घरांना तर दुष्काळ वर्तमानपत्रातूनच कळला असेल.

ग्रामसभेत म्हातारी माणसे तलावातील गाळाचा विषय पुन्हा पुन्हा काढतात आणि १९९१ नंतर जन्मलेले सदस्य घड्याळाकडे पाहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोष कोणाचाच नाही. कित्येकदा तो तलाव त्या म्हाताऱ्यांनीच खोदलेला असतो, एवढे तरुणांना कोणी सांगितलेले नसते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. तेव्हा विशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. यंदा मीही आईला विचारले. भुकेची हकीकत ती सांगेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने प्रथम सांगितले ते असे : हजेरीपटावर तिचे नाव वडिलांच्या नावाखाली नव्हे, निराळ्या ओळीत लिहिले होते.