कूलरची तिसरी तार

(साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



होळी झाली. ऊन तापू लागले. आता घरोघरी माळ्यावरचा कूलर खाली उतरेल. म्हणून आज मी कूलरविषयी चार शब्द बोलणार आहे. मी काही वीजतंत्री नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. पण या बाबतीत माझ्या घरी जे घडले, ते तुमच्या घरी घडू नये असे मला वाटते.

आपला विदर्भाचा उन्हाळा कसा असतो, ते मी तुम्हांला काय सांगावे? चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नागपुरात २३ मे २०१३ या दिवशी तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात म्हातारी माणसे आणि लहान लेकरे यांचा जीव कासावीस होतो. कूलर ही काही चैन राहिलेली नाही. ती गरज झाली आहे.

पूर्वी लोक दाराला वाळ्याचा पडदा लावीत. त्यावर पाणी शिंपडीत. गरम वारा ओल्या वाळ्यातून आला की गार होई. कूलर तेच काम करतो. पंप पाणी वर चढवतो. त्या पाण्याने ताट्या भिजतात. पंखा त्यांतून वारा ओढतो. युक्ती जुनीच आहे. पण आता तिच्यात वीज आली. पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी आणि त्याच पेटीत वीज! या तीन गोष्टी एकत्र आल्या, की सावध राहिलेच पाहिजे.

आता माझी गोष्ट ऐका.

२०१७ सालचा मे महिना होता. आम्ही नवा कूलर आणला. त्याच्या वायरीला तीन पिनांचा प्लग होता. आमच्या भिंतीवरच्या बोर्डाला भोके मात्र दोनच. आता काय करावे? वायरमन म्हणाला, "गुरुजी, बोर्ड बदलावा लागेल. अर्थिंगही करावी लागेल. परवा येतो." पण मला परवापर्यंत दम निघेना. मी पक्कड घेतली आणि वरची जाड पिन उपटून टाकली. उरलेल्या दोन पिना दोन भोकांत बसवल्या. कूलर सुरू झाला. गार वारा आला. मी मनात म्हणालो, या तिसऱ्या पिनेवाचून काय अडले?

आठ दिवस काही झाले नाही. नवव्या दिवशी दुपारी घरातून बादली पडल्याचा आवाज आला. मी धावलो. आमच्या घरची माणसे अनवाणी उभी. जमीन ओली. हात कूलरच्या पत्र्याला चिकटलेला. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी तिला ओढायला हात पुढे केला. माझा हात पोचण्याआधीच गावची लाईट गेली. ती खाली कोसळली.

तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तळहात भाजला होता, पण जीव वाचला. लाईट का गेली, ते मला आजवर कळले नाही. दहा मिनिटांनी ती परत आली. एरवी लाईट गेली की आपण शिव्या देतो. त्या दिवशी ती गेली नसती, तर आम्ही दोघेही गेलो असतो.

मंडळी, मी वर्गात मुलांना कितीतरी वर्षे शिकवले की पाण्यातून आणि ओल्या अंगातून वीज वाहते. फळ्यावर लिहून दिले. आणि घरी येऊन तीच चूक केली. माहीत असणे वेगळे आणि तसे वागणे वेगळे.

तर ती तिसरी पिन कशासाठी असते?

प्लगच्या दोन पिना विजेच्या जाण्यायेण्यासाठी असतात. एका तारेने वीज येते, दुसरीने परत जाते. तिसरी तार हिरवी असते, किंवा हिरवी-पिवळी असते. ती कूलरच्या पत्र्याला जोडलेली असते. तिचे दुसरे टोक जमिनीत गेलेले असते. हिला अर्थिंग म्हणतात. एरवी या तारेला काही काम नसते. म्हणून आपल्याला ती फुकटची वाटते.

तुम्ही बंधारा पाहिला आहे. बंधाऱ्याला सांडवा असतो. आठ महिने सांडवा कोरडाच असतो. म्हणून कोणी तो बुजवून टाकतो का? पूर आला की पाणी सांडव्याने निघून जाते आणि बंधारा वाचतो. अर्थिंग हा विजेचा सांडवा आहे. कूलरच्या आत एखादी तार सोलली गेली किंवा पंप खराब झाला, तर वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगली असेल, तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर ती वाट शोधते. मग पत्र्याला हात लावणारा माणूसच तिची वाट होतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या घरी फ्यूज आहे. एमसीबीही आहे. ती पडेल की!" इथेच आपण फसतो. नऊ वॅटच्या लहानशा एलईडी दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढी अंगातून वाहत राहिली तरी माणूस दगावू शकतो. एवढ्याशा विजेने एमसीबी पडत नाही. तिला ती कळतच नाही. एमसीबी घराच्या तारा जळू नयेत म्हणून असते. माणसासाठी दुसरे यंत्र असते. त्याचे नाव आरसीसीबी. काही लोक त्याला ईएलसीबी म्हणतात.

हे यंत्र गुराख्यासारखे आहे. सकाळी जेवढी गुरे चरायला गेली, तेवढीच संध्याकाळी परत आली पाहिजेत. एक जरी कमी आले, तरी गुराख्याला कळते की काहीतरी भलत्या वाटेला गेले. तसेच हे यंत्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज मोजत असते. थोडी जरी कमी भरली, तरी पापणी लवते न लवते तोच वीज तोडते. घेताना त्यावर ३० हा आकडा पाहा. माणसाच्या रक्षणासाठी तोच हवा. त्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून बघावे. दाबताच वीज गेली, तर यंत्र ठीक आहे. या यंत्राला पैसे पडतात हे खरे. पण बैल विकत घेणारा माणूस दाव्याचे पैसे वाचवीत नाही.

आता कूलर बसवावा कसा, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. टाकीत साठ लिटर पाणी मावत असेल, तर नुसत्या पाण्याचेच साठ किलो झाले. त्यात पेटीचे वजन वेगळे. जुन्या खिडकीच्या लाकडी चौकटीवर हा भार टाकू नका. मातीच्या भिंतीत खिळे ठोकून टांगू नका. खाली लोखंडी स्टँड ठेवा. त्याचे चारही पाय घट्ट जमिनीवर टेकले पाहिजेत. विटांवर विटा रचून कूलर ठेवू नका. बाहेर गल्लीत लेकरे खेळतात, गुरे अंग घासतात.

दुसरी गोष्ट तारेची. कूलर आठ महिने माळ्यावर असतो. तिथे उंदीर असतात. म्हणून उतरवल्यावर सगळी वायर डोळ्यांखालून घाला. कुरतडलेली असेल तर ती चिकटपट्टीने गुंडाळू नका. पुरी बदला. मधे जोड नको. ती पाण्याजवळून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका. पंपाची वायरही पाहा. पंपाच्या आत पाणी शिरले असेल, तर तो दुरुस्त करीत बसू नका. नवा घ्या, आणि त्यावर आय.एस.आय.ची खूण बघून घ्या.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. घराबाहेर खड्डा करून त्यात लोखंडी नळी पुरतात. भोवती कोळसा आणि मीठ घालतात. तिथून तार घरातल्या बोर्डापर्यंत आणतात. उन्हाळ्यात जमीन सुकते. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. काही लोक अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधतात. तसे करू नका. वीज पाइपात उतरली, तर शेजारची बाई तोटीला हात लावताच झटका बसेल.

चौथी गोष्ट. बोर्ड तीन भोकांचाच हवा. पिन मोडायची नाही. उघड्या तारा भोकांत घालून आगकाडी खोचायची नाही. हे आपण सगळ्यांनी केले आहे. आता पुरे.

पाचवी गोष्ट. कूलर खिडकीच्या गजांना टेकतो. गज टिनाच्या छपराला टेकतात. छपराला कपडे वाळवायची तार बांधलेली असते. वीज एकदा पत्र्यात उतरली, की या तारेपर्यंत पोचू शकते. ओला कपडा टाकायला गेलेली बाई तिथे सापडते. म्हणून कपड्यांसाठी दोरी बांधा. लोखंडी तार नको.

हे झाले बसवणे. आता रोजची सवय. पाणी भरताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग उलटा बसला असेल किंवा जोडणी चुकली असेल, तर बटण बंद असूनही आत वीज राहते. म्हणून आधी बोर्डाचे बटण बंद करा. मग कोरड्या हाताने प्लग उपटा. मगच पाणी भरा. पायांत चप्पल असू द्या. पाणी भरून झाले, हात पुसले, की पुन्हा प्लग लावा. लेकरांना हे काम सांगू नका. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी करा. नाहीतर डेंग्यूचे डास तिच्यात वाढतील.

आता गावात कोणी कोणी खिडकीचा एसीही बसवू लागले आहेत. त्यांनीही हेच नियम पाळावेत. एसीचे वजन पन्नास किलोच्या आसपास असू शकते. त्याला भक्कम आधार हवा. त्याची तार मेन बोर्डापासून वेगळी आणि जाड हवी. सॉकेट १६ अँपिअरचे मोठे हवे. पेटी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पाणी घरात येत नाही. आणि एक फरक लक्षात ठेवा. कूलर चालताना समोरची खिडकी उघडी हवी. एसी चालताना दारे-खिडक्या बंद हव्यात.

इतके करूनही कोणाला झटका बसलाच, तर काय करावे? मी जे करायला निघालो होतो, ते करू नका. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला दूर ढकला. मग १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. माणूस हालत नसेल आणि श्वास चालत नसेल, तर त्याला उताणे निजवा. छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा, असे ठेवून जोराने दाबा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. गाडी येईपर्यंत थांबू नका. त्याला शेणामातीत पुरू नका. त्यात वेळ जातो आणि वेळेबरोबर जीव जातो. माणूस उठून बसला, तरी दवाखान्यात न्याच.

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकलात. लिहायला शिकून काय करायचे, असे काहीजण विचारतात. आज घरी गेल्यावर एक काम करा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत सहा शब्द लिहा.

आधी प्लग काढा, मग पाणी भरा.

हा कागद बोर्डाशेजारी चिकटवा. आमच्या घरी तो सहा-सात वर्षांपासून आहे. तो मी लिहिलेला नाही. ज्या हाताला भाजले होते, त्याच हाताने तो लिहिला आहे. अक्षर थोडे वाकडे आहे. पण मास्तराच्या फळ्यावरच्या अक्षरापेक्षा आमच्या घरात त्यालाच मान आहे.

तुमच्या घरी तिसरी पिन मोडलेली असेल, तर लाजू नका. मीही मोडली होती. उद्याच वायरमनला बोलवा. परवावर टाकू नका.