पाहुण्याची खोली आणि आपला हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत कोकणातल्या पाहुण्यांच्या खोल्यांचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. काम आहे. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून आपल्याकडेही नकाशे घेऊन माणसे फिरू लागली आहेत. चार खोल्या बांधा, एसी लावा, शहरातली मंडळी येतील, कर्ज आपोआप फिटेल, असे सांगतात. कागदावर तर कपाशीलाही दर साली फायदाच असतो! म्हणून हा धंदा जिथे खरोखर चालतो, त्या रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत आम्ही जाऊन आलो.

मुंबई तिथून दोन-तीन तासांवर. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, त्यावर रोहा तालुक्यात कोलाडला राफ्टिंग चालते. गिऱ्हाईक आहे, पण त्याबरोबर जमिनीवर डोळाही आहे. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सेझवर मतदान झाले. गावकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला आणि पुढे तो सेझ बारगळला. पण एकरांनी न गेलेली जमीन आता गुंठ्यांनी जाते. फार्महाऊस उभे राहते आणि कालचा मालक त्याच फाटकावर रखवालदार होतो. हे टाळायचे म्हणून काही शेतकऱ्यांनी स्वतःच खोल्या बांधल्या. त्यातल्या दोन तऱ्हा आम्ही पाहिल्या.

पहिल्याने कर्ज काढून सिमेंटच्या खोल्या बांधल्या. वर उघडा स्लॅब, पश्चिमेला मोठी काच. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. म्हणून एसी आला. दीड टनाचा एसी एका रात्रीत सहज ८ ते १० युनिट वीज खातो. मे महिन्यात, ऐन हंगामात वीज गेली की पाहुणा सामान उचलतो. हप्ता मात्र उचलून नेत नाही.

दुसऱ्याने आपल्या घराशेजारी दोनच खोल्या काढल्या. अर्ध्या उंचीपर्यंत जांभ्या दगडाची भिंत, वर बांबूचा कूड शेणमातीने लिंपलेला. त्या डोंगरातले कातकरी आणि ठाकूर कारवीच्या काठ्यांचा असाच कूड पिढ्यान्पिढ्या घालत आले आहेत. वर मंगलोरी कौले, चारही बाजूंनी रुंद पडवी, समोरासमोर खिडक्या आणि आढ्याजवळ गरम हवा निघून जायला फट. खोलीत साधा पंखा. ७५ वॅटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट खातो, ३० वॅटचा नवा पंखा त्याच्याही निम्म्याहून कमी.

यात जादू नाही. कोकणातली हवा दमट. तिथे घाम वाळत नाही म्हणून माणूस उकडून निघतो. त्याला वारा लागतो आणि सावली लागते. आपला कूलर तिथे कामाचा नाही, कारण तो हवा आणखी ओली करतो. आपल्याकडे उलटे आहे. आपली हवा कोरडी, दुपार भट्टीसारखी, पण रात्र उतरते. म्हणून आपल्या वाडवडिलांनी दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती आणि वर धाब्याचे माळवद केले. दुपारचे ऊन भिंत ओलांडून आत येईपर्यंत रात्र होते, तोवर खिडक्या उघडायची वेळ आलेली असते. तेव्हा कोकणची खोली उचलून इथे आणू नका. कोकणच्या शेतकऱ्याने जशी आपली हवा ओळखली, तशी तुम्ही तुमची ओळखा. कूडच हवा असेल तर आपल्या तुराट्या आहेत. बांधावर बांबू लावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही. मात्र तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून मगच वापरा, नाहीतर भुंगा खाऊन टाकील.

जुने ते सगळे सोने, असेही आम्ही म्हणत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात पत्रे उडवले, तशीच कौलेही उडवली. वासे खांबांना पट्टीने आवळले पाहिजेत. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी वाऱ्याला चांगले तोंड देते.

आता पाणी. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर कोकणच्या ३,००० मिलिमीटर पावसात साधारण १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. तरी उन्हाळ्यात तिथे टँकर फिरतात. आपल्या ७०० मिलिमीटरमध्ये तेवढ्याच छपरावर ३२ हजार लिटर पडते. थोडेफार वाया गेले तरी २५ हजार टाकीत येईल. त्यात किती पाहुण्यांच्या आंघोळी होतात ते आधी मोजा. ज्या गावात बायका घागरीसाठी ताटकळतात, त्या गावात पाहुण्याला शॉवर देणे आम्हाला पटत नाही.

शेवटचा हिशेब सर्वांत मोठा. दुसऱ्या शेतकऱ्याला आम्ही विचारले, पाहुणेच आले नाहीत तर? तो म्हणाला, "तर भात भरीन. पोरगी बाळंतपणाला येईल, तिला खोली होईल." पहिल्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्याच्या खोल्या पाहुण्याशिवाय कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत.

भावांनो, कोरडवाहूवाल्याचा एक जुगार आभाळाशी चालू आहेच, दुसरा मांडू नका. एकच खोली बांधा. माती आपली, गवंडी गावचा, म्हणजे पैसाही गावातच राहील. कर्ज काढायचेच तर एका हंगामात फिटेल एवढेच. आणि जागा निवडताना, पाहुणा आलाच नाही तर या खोलीत आपण काय ठेवणार, हे घरातल्या बाईला आधी विचारा. तिने उत्तर दिले, तरच पाया खणा.