सुपाशेजारी पुस्तक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ‘माझा एक साधा दिवस’ या विषयावर बोलाल का, असं आकाशवाणीवरून विचारणं आलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘साधा दिन? वो कब आया अपने घर में?’’ त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. मी सोलापुरात राहते. टपाल कचेरीत खिडकीवर बसते. घरात पाच माणसं आणि संध्याकाळी ओट्यावर पंचवीस-तीस मुलं. यातून वेळ उरला तर कविता लिहिते. लोक मला कवयित्री म्हणतात; ओट्यावरची मुलं मात्र ‘खाला’ म्हणतात. त्यातही काही तेलुगू घरांतली आहेत. त्यांचीही मी खालाच.

पहाटे पाचला उठते. नमाज झाली की ज्वारीच्या भाकऱ्या. भाकरी थापता थापता कधी एखादी ओळ सुचते. हात पिठाचे, लिहायचं कसं? मग ती मनात घोळवत ठेवायची. शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत टिकली तर ओळ बरी, असं माझं गणित आहे. बहुतेक ओळी दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीलाच विसरतात. त्यानंतर सासूबाईंची साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, सुनेला डबे भरू लागायचं. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. नातवाला शाळेत सोडणं आणि भाजी आणणं त्यांच्याकडे. भाजीवाल्यालाही सुट्या पैशांवरून हटकतात, ती सवय काही गेली नाही.

टपाल कचेरीची खिडकी म्हणजे अख्खं शहर बसल्या जागी पाहण्याची सोय. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, चारही भाषा तासाभरात कानावरून जातात. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पत्राची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, पण आजोबा मंडळी अजून पाकीट पुढं सरकवून ‘रजिस्टर करा’च म्हणतात. मीही ‘करते’ म्हणते. आणि दर आठवड्याला कुणीतरी नवं गिऱ्हाईक माझ्या नावाची पाटी वाचून म्हणतं, ‘‘मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ कौतुक मनापासून असतं, म्हणून मी हसून आभार मानते. पण मनात येतं, माझा जन्म इथला, लग्नानंतर शिवाजी विद्यापीठाचं बी.ए. केलं तेही मराठी घेऊन; मग मराठी छान नसायला काय झालं? शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत अभंग आणि ‘योगसंग्राम’ लिहिला त्याला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही १९९०मध्ये पहिल्यांदा भरलं ते सोलापुरातच.

मुलांना मात्र मी हे असं सांगत नाही. त्यांना मी दप्तर उघडायला लावते. ‘दप्तर’ शब्द कुठला? फारसी. कागद? फारसी. शाई? तीही फारसी, ‘सियाही’वरून आलेली. हजेरी आणि खुर्ची अरबीतून आली. मग फळ्यावर एकच वस्तू चार भाषांत लिहायची. चिंच. दखनी घरातलं पोर ‘इमली’ म्हणतं, तेलुगू घरातलं ‘चिंतपंडु’, कन्नड घरातलं ‘हुणसे हण्णु’. चिंचेचं नाव निघालं की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, तिथं भाषा आड येत नाही. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, अशी ही मुलं. धडा त्यांना वाचता येतो, पण अर्थ लागत नाही. म्हणून ओट्यावर साडेपाच ते सात आम्ही फक्त मोठ्यानं वाचतो आणि वाचलेलं आपापल्या शब्दांत सांगतो. शिकवणी नाही, फी नाही.

त्यातली एक मुलगी. लहान मुलांची उजळणी घेते म्हणून तिला आम्ही ‘मास्तरीण’ म्हणतो. तिची आई विड्या वळते. सोलापुरात हजारो घरांची चूल या कामावर पेटते. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. मजुरी हजारावर. खराब म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढं काम फुकट. हजार भरायला बाईचा अख्खा दिवस जातो, आणि म्हणूनच घरातल्या मुलीचे हात हवे असतात.

गेल्या एप्रिलात मास्तरीण आठवी पास झाली. तिची शाळा आठवीपर्यंतच. पुढची शाळा लांब, रिक्षाचं भाडं वेगळं. शिक्षणहक्काचा कायदा २०१०पासून लागू आहे, पण त्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंतची. मे महिन्यात तिची आई माझ्या खिडकीवर आली. हातात मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्याचं पासबुक. २०१६ साली हे खातं उघडलं तेव्हा वर्षाला किमान हजार रुपये भरावे लागत. २०१८पासून ती मर्यादा २५०वर आली. दरवर्षी मार्च संपायच्या आत ती येऊन भरायची, कधी सुट्या नाण्यांत. आता ती म्हणाली, ‘‘पैसे निकालने हैं. अब लडकी घर में बैठेगी, हात कम पडते आपा.’’

नियम सांगणं हे माझं काम. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली, तरच शिक्षणासाठी यातली निम्म्यापर्यंत रक्कम निघते. मी तेवढंच सांगितलं. ‘दहावी’ हा शब्द ऐकून ती थोडी थांबली. मागं रांग होती. पासबुक घेऊन ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मास्तरीण ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मुलांना घरी पाठवून मी तिच्या गल्लीत गेले. मायलेकी दारात सूप घेऊन बसल्या होत्या, शेजारच्या दोघीही होत्या. विडी वळणं हे १९८६च्या बालमजुरीच्या कायद्यात मुलांसाठी निषिद्ध ठरवलेलं काम आहे. पण कायद्याचं पुस्तक तिथं उघडून काय उपयोग? त्या बाईला कायद्याची भीती नव्हती, रोजच्या हजाराची होती. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळते. आईकडं विडी कामगाराचं ओळखपत्र होतं, अर्ज मात्र कधी भरला नव्हता. तो भरायचं ठरलं. त्यातून सगळं भागत नाही, पण वह्या-पुस्तकांचा भार हलका होतो.

प्रश्न उरला संध्याकाळच्या दोन तासांचा. तेव्हा मला कुठंतरी वाचलेली एक गोष्ट आठवली. क्यूबात हवाना शहरी १८६५पासून चिरूट वळणाऱ्या कारखान्यांत एक वाचणारा बसू लागला. कामगार हातानं काम करायचे आणि तो उंच जागी बसून वर्तमानपत्र, कादंबरी मोठ्यानं वाचायचा. त्याचा पगार कामगारच आपसात वर्गणी काढून द्यायचे. मी ही गोष्ट आईला सांगितली आणि म्हटलं, मुलीचा हात काढून घ्या, तिचा आवाज ठेवा. ती वाचेल, तुम्ही ऐका.

आईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेजारीण म्हणाली, ‘‘पढने दे ना, टीवी से तो अच्छा.’’ पंधरा दिवसांनी कळलं की शेजारच्या दोघी आपली सुपं घेऊन रोज तिथंच येतात. गप्पांत हात थांबतात, ऐकताना थांबत नाहीत, असं त्यांचंच म्हणणं. जूनमध्ये मास्तरणीनं नववीत नाव घातलं. रिक्षाच्या भाड्यावर आमच्या ह्यांनी कंडक्टरी तोडगा काढला: मुलींसाठी एस.टी.चा मोफत पास. त्या रस्त्यानं गाडी जाते, हे त्यांना तोंडपाठ होतं.

आता ओटा दोन ठिकाणी भरतो. आठवड्यातून चार दिवस माझ्याकडं, दोन दिवस तिच्या दारात. रात्री दहाला घर निजलं की मी वही उघडते. कधी चार ओळी होतात, कधी डोळा लागतो. कविता कमी झाली का, असं मित्रमंडळी विचारतात. झाली, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. दिवसाचे तास काही वाढत नाहीत.

मास्तरणीची दहावी अजून व्हायची आहे. घरात एक आजारपण आलं, की पुन्हा तिच्या हातांची गरज पडेल. हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. परवा तिच्या दारात गेले तेव्हा ती गोष्ट अर्ध्यावर ठेवून पुस्तक मिटत होती. आईनं सुपावरून मान वर केली आणि म्हणाली, ‘‘फिर क्या हुआ, वो तो बता.’’

श्रोतेहो, ओट्याला मोठी जागा लागत नाही. वाचता येणारं एक माणूस आणि संध्याकाळचा एक तास पुरतो. तुमच्या गल्लीत तेवढं नक्की असेल.